कापसाचे चार बोळे

आमची इमारत पाडून नवी बांधायची ठरली, म्हणून मला माळा आवरावा लागला. मुलुंडच्या या घरात आम्ही चौतीस वर्षं राहिलो. बिल्डरने भाड्याचं घर दिलं होतं, पण दोनच खोल्यांचं. त्यामुळे काय न्यायचं आणि काय टाकायचं यावर आमचं रोज भांडण व्हायचं. त्या दिवशी मी स्टुलावर उभा राहून एकेक खोका खाली देत होतो आणि पत्नी एका हाताने स्टूल आणि दुसऱ्या हाताने माझी विजार धरून उभी होती.

तिसऱ्या खोक्यात ती वही होती. जाड पुठ्ठ्याची, लाल पाठीची, प्रयोगशाळेतली नोंदवही.

"ही रद्दीत ना?" पत्नीने विचारलं.

"नको."

"मग ठेवणार कुठे? डोक्यावर?"

मी खाली उतरलो आणि वही घेऊन पलंगावर बसलो. आमची कंपनी बंद झाली तेव्हा अशा चाळीसेक वह्या रद्दीवाल्याने नेल्या होत्या. ही एकच मी पिशवीत घालून घरी आणली. ही एकच का, हे मला तेव्हाही नीट माहीत होतं.

पत्नीने समोर बसून विचारलं, तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, पण ही गोष्ट तिला पहिल्यांदाच सांगत होतो. तिने मधे एकदाही तोंड उघडलं नाही, आणि तिच्या बाबतीत हे लक्षण चांगलं नसतं. माझं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "त्या बाईंना हे माहीत आहे?"

"नाही."

"मग मला काय सांगताय?"

तिला जे सांगितलं तेच आता इथे लिहितो आहे.

अंधेरी पूर्वेला, औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कंपनीत मी वनस्पतींच्या पेशी वाढवायचं काम बघायचो. लोकांना हे काम समजावून सांगताना मी सदाफुलीचं उदाहरण द्यायचो, कारण आम्ही तिच्यावरच काम करत होतो आणि ती प्रत्येक सोसायटीच्या दारात असते. सदाफुलीत काही औषधी द्रव्यं असतात, पण फार थोडी. ढीगभर पानं वाळवावीत तेव्हा चिमूटभर मिळतात. मग झाड लावण्याऐवजी झाडाच्या पेशीच वाढवल्या तर? पानाचा नखाएवढा तुकडा घ्यायचा, निर्जंतुक करायचा, खुराकावर ठेवायचा. काही आठवड्यांत त्यातून मऊ, फिकट गोळा वर येतो. त्याला पान नाही, मूळ नाही, नुसत्या पेशी. तो गोळा साखरपाण्यासारख्या खुराकात सोडायचा, काचेच्या फ्लास्कमध्ये, आणि तो फ्लास्क अखंड गोल गोल हलवणाऱ्या यंत्रावर ठेवायचा. पेशी सुट्या होतात आणि पातळ खिरीसारख्या वाढत जातात. रंग सायीसारखा असला की समजायचं, तब्येत बरी आहे.

फ्लास्क हलवायचा तो हवेसाठी. झाडं हवा देतात असं आपण शाळेत शिकतो, पण या पेशी उजेडात अन्न तयार करत नाहीत. त्यांना आयती साखर मिळते आणि त्या आपल्यासारख्याच श्वास घेतात. वरची हवा पाण्यात विरघळली पाहिजे, आणि त्याआधी ती फ्लास्कच्या तोंडातून आत आली पाहिजे. त्या तोंडावर असायचा कापसाचा बोळा.

हे बोळे आमच्याकडे एक बाई करायच्या. सगळे त्यांना मावशी म्हणायचे, मीही म्हणायचो, खरं तर त्या माझ्याहून सहा-सात वर्षांनी लहान होत्या. मूळच्या कणकवलीकडच्या. नवरा गिरणीत होता, गिरणी गेली, मग घाटकोपरच्या टेकडीवरच्या खोलीतून त्या रोज अंधेरीला यायच्या. ठेकेदाराकडच्या होत्या, आमच्या हजेरीपटावर नव्हत्या. काचसामान धुणं, वाळवणं आणि बोळे करणं हे त्यांचं काम. जाळीदार कापडाचा चौकोन, त्यात पाणी न पिणारा कापूस, चार टोकं वर, दोऱ्याची गाठ. बोळा फार सैल झाला तर फ्लास्क तिरका करताना निसटतो, फार गच्च झाला तर तोंडात जात नाही. मावशींचे बोळे फ्लास्कच्या तोंडात असे बसायचे की बाहेर काढताना हलकासा 'फुक' आवाज यायचा. त्यावरून त्यांना कळायचं, बरोबर झाला. कामावरची तरुण मंडळी त्यांना म्हणायची, "मावशी, तुम्हाला तर या बोळ्यांची डिग्रीच दिली पाहिजे." त्या म्हणायच्या, "डिगरी नको, बसूक स्टूल द्या. कंबर मोडली."

एका वर्षी ऑगस्टमध्ये हवा फार दमट झाली आणि फ्लास्कमध्ये बुरशी धरायला लागली. दमट दिवसांत कापूस ओलावतो आणि बुरशीला वाट मिळते, हे नवं नव्हतं, पण त्या वर्षी दहातले तीन-चार फ्लास्क टाकून द्यावे लागत होते. अडीच-तीन महिन्यांत कंपनीचे मोठे साहेब पाहायला येणार होते. मी हुकूम काढला: कापूस बंद. तोंडाला अॅल्युमिनियमचा कागद, दुहेरी, आणि वरून ताणून बसणाऱ्या पट्टीने गच्च गुंडाळायचं.

मावशींनी दिवसभर बसून सगळे फ्लास्क गुंडाळले. संध्याकाळी माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या.

"सर, पट्टी संपली. चार रवले."

"राहू दे. त्यांना बोळे लावा."

एवढंच बोलणं झालं. चार फ्लास्क यंत्राच्या कोपऱ्यात, कापसाचे बोळे लावलेले. मी तसं वहीत लिहिलं. सवय म्हणून लिहिलं, त्यात शहाणपण काही नव्हतं.

बुरशी थांबली. मी खूश. पण दोन आठवड्यांनी पेशी नव्या खुराकात घालताना दिसलं की वाढ कमी आहे. आणखी दोन आठवड्यांनी रंग बदलला, सायीचा चहासारखा झाला, आणि कागद उघडला की आंबूस वास यायचा, शिळ्या ताडीसारखा. खुराक तपासला, तापमान तपासलं, यंत्राचा वेग तपासला. हवेचा विचार माझ्या मनात आला नाही असं नाही. आला आणि मी तो झटकला. जिवाणूंच्या मानाने वनस्पतीची पेशी फार सावकाश वाढते, तिची हवेची भूक थोडी, कागदाच्या घडीतून जाईल तेवढी तिला पुरे, असं माझं मत होतं. ते मी दोन वर्षांपूर्वी एका परिषदेत मोठ्या आवाजात मांडलंही होतं. एकदा चारचौघांत मांडलेलं मत माणसाला सोडवत नाही.

मग मी सगळ्यांना एकत्र बोलावलं. हाताखालचे चौघे, स्टोअर सांभाळणारा एक, आणि दाराशी मावशी, कारण काचसामानाचा विषय निघणार होता. मी म्हणालो, फ्लास्कमध्ये साबणाचा अंश राहत असावा. मावशी म्हणाल्या, "सर, सात पाण्यांनी धुतंय. शेवटची दोन पाणी तुमच्या त्या शुद्ध पाण्याची." मी म्हणालो, तरी काहीतरी राहतंय. मग त्यांनी ते म्हटलं.

"सर, मी सांगू? तेंका वारो मिळणा नाय. लोणच्याच्या बरणीक आपण दादरो बांधतव, फडको. गच्च झाकण लावणव नाय. तां कित्याक? आतली वाफ जावक व्हयी, वारो येवक व्हयो. तुमी तेंचां तोंड बांधलास."

हाताखालचा एक जण हसला. तो त्यांना हसला असेल किंवा मला. मला वाटलं, मला. वीस वर्षं या विषयात घालवलेला माणूस मी, आणि मला लोणच्याची बरणी सांगतायत. मी म्हणालो, "मावशी, दादरा राहू दे. मला वाटतं तुमचा हातगुणच बरा नाही."

सगळे हसले. मीही हसलो. आपल्याकडे हे किती सहज म्हणतात. रोप जगलं की हातगुण चांगला, मेलं की हातगुण वाईट. मी विज्ञानाचा माणूस, माझा काही त्यावर विश्वास नव्हता. पण मी ते म्हणालो, आणि खोलीतल्या ज्या एका माणसाचा त्यावर विश्वास होता, त्याला उद्देशून म्हणालो. मावशींच्या चेहऱ्यावरचं मला एवढंच आठवतं की त्यांनी आपले हात पदराआड घेतले.

वहीत मी कारण लिहिलं: काचसामान धुण्यात हयगय, कामगार बदलावा. ठेकेदाराला फोन केला. पुढच्या सोमवारी दुसरी बाई आली.

तिने धुतलेल्या फ्लास्कमध्येही पेशी तपकिरीच राहिल्या. आणि एका सकाळी मी यंत्राचा कोपरा नीट पाहिला. बोळे लावलेले ते चार फ्लास्क. प्रत्येक वेळी नव्या खुराकात घालताना त्यांतल्या पेशी पुन्हा बोळ्यांच्याच फ्लास्कमध्ये जात होत्या, चारचे चारच. सायीचा रंग, घट्ट वाढ. ते मावशींनी धुतलेले होते आणि बोळेही त्यांचेच. मी कागदातले चार फ्लास्क शेजारी आणून ठेवले आणि बराच वेळ बघत राहिलो.

मग मी सगळे कागद काढून टाकले आणि स्टोअरमधून मावशींच्या बोळ्यांची उरलेली पिशवी मागवली. दमटपणासाठी खोलीला पाणी ओढून घेणारं यंत्र बसवलं, ते खरं तर आधीच करायला हवं होतं. दहा-बारा दिवसांत पेशींचा रंग सुधारायला लागला. साहेब येऊन गेले, खूश होऊन गेले. पुढे मी त्यावर अहवाल लिहिला, झाकणाचा प्रकार आणि पाण्यातली हवा आणि पेशींची वाढ. कागद, बोळा, सैल बोळा, कमी पाणी, जास्त पाणी, सगळं मोजून. लोकांनी वाखाणला. त्यानंतर मोठ्या भांड्यात हवेचे बुडबुडे सोडताना मी उलटी चूक केली, इतकी हवा सोडली की पेशी पुन्हा खुरटल्या. त्यांनीच बाहेर सोडलेलं काहीतरी त्यांना लागत असतं, ते सगळं मी उडवून लावत होतो. तेही मी प्रामाणिकपणे अहवालात लिहिलं. त्या चुकीत दुसरं कोणी गुंतलेलं नव्हतं, म्हणून ती लिहायला सोपी होती.

मावशींना पुन्हा बोलावणं एका फोनचं काम होतं. ठेकेदाराचा नंबर टेबलावर काचेखाली होता. पण बोलवायचं तर का बोलवतोय ते चौघांसमोर सांगावं लागलं असतं. आज करू, उद्या करू, असं करत ते राहिलं नाही, मी ते राहू दिलं.

"मग जा की," पत्नी म्हणाली. "घाटकोपर काय लंडन आहे?"

स्टोअर सांभाळणारा आता बोरिवलीला राहतो. त्याला फोन केला.

"अरे बापरे, सर! कसे आहात? आहात ना?"

"आहे अजून. मावशींचा पत्ता हवा होता. बोळेवाल्या."

मग तो म्हणाला, "मावशींची वाट लावली ना सर आपण तेव्हा."

"आपण नाही. मी."

"नाही नाही, आपणच. तुम्ही बोललात, आम्ही हसलो. मला चार फ्लास्कांचं नंतर कळलं होतं, बोळ्यांची पिशवी मीच दिली होती तुम्हाला. मी पण गप्पच बसलो ना."

पत्ता त्याच्याकडे होता. मावशींच्या मुलाच्या लग्नाला तो गेला होता, म्हणाला. मला आमंत्रण असण्याचा प्रश्नच नव्हता.

मे महिन्यातल्या एका सकाळी मी वही पिशवीत घालून घाटकोपरला गेलो. टेकडीवरच्या खोल्या जाऊन पायथ्याशी उंच इमारत झाली होती. सातवा मजला. दार उघडंच होतं, सुनेने 'या' म्हटलं. आत जमिनीवर जुनी चादर पसरलेली, त्यावर कैऱ्यांच्या फोडी, परातीत मीठ आणि हळद, बाजूला दोन चिनीमातीच्या बरण्या उन्हात तापवून आणलेल्या. मावशी पलीकडे खुर्चीवर बसल्या होत्या. केस पांढरे, चष्मा, पण बसणं तेच, ताठ.

त्यांनी मला लगेच ओळखलं. "सर? म्हातारे झालात."

"तुम्हीसुद्धा."

"मी खंय नाय म्हणतंय? बसा. गे, सरांका पाणी दी."

मी कसं सुरू करावं ते ठरवून आलो होतो, पण समोर लोणच्याचं काम चाललेलं. सून फोडींना मीठ चोळत होती आणि मावशी खुर्चीवरून सांगत होत्या: इतकी हळद नको, कोयीकडची फोड कोवळी आसा काय बघ, ओली रवली काय बघ. मी सहज म्हणालो, "मावशी, तुम्ही नुसते हुकूमच सोडताय, हात नाही लावत?"

सून हसून म्हणाली, "आई साठवणीच्या कशालाच हात लावत नाहीत. लोणचं नाही, विरजण नाही, इडलीचं पीठसुद्धा नाही. त्यांच्या हाताने नासतं म्हणतात. मी लग्न होऊन आले तेव्हापासून हेच. मला तर सगळं यांनी खुर्चीवरूनच शिकवलंय."

"पूर्वीपासून असं?" मी विचारलं. उत्तर मला माहीत होतं.

"आदी नाय," मावशी म्हणाल्या. त्या माझ्याकडे न बघता फोडींकडे बघत होत्या. "आदी वाडीतली सगळी माझ्याकडून बरणी भरून घेयत. मगे तां झालां. कामावरसून काढल्यावर पार्ल्यात एक स्वैपाकाचां काम सांगून इलेलां. चांगली माणसां होती. पण स्वैपाक म्हटल्यार विरजण इलां, पीठ आंबवूचां इलां. लोकांच्या घरात नासाडी नको. मी भांडी घासूचां घेतलंय."

वीस वर्षांहून जास्त काळ त्यांनी भांडी घासली. त्यांनी तक्रार म्हणून हे सांगितलं नाही, मी विचारलं म्हणून सांगितलं. मी घरून निघालो तेव्हा माझ्या डोक्यात एका नोकरीचं ओझं होतं. हे मला माहीत नव्हतं.

मी वही काढली. "मावशी, तुमच्या हातात काही दोष नव्हता. हवाच मिळत नव्हती त्यांना. तुम्ही म्हणालात तेच खरं होतं. दादऱ्याचं."

सुनेचे हात थांबले. मावशींनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला.

"कधी समाजलां तुमका?"

या प्रश्नाची मला सगळ्यात भीती होती. "तुम्ही गेल्यावर तीन आठवड्यांनी."

"तीन वर्सांनी नाय?"

"नाही. आठवड्यांनी."

खाली कोणीतरी नारळपाणीवाल्याशी वाद घालत होतं, ते ऐकू येत होतं. मी बोलायला लागलो. माफी मागितली, मग पुन्हा मागितली, मग मी तेव्हा कसा होतो, साहेबांचं कसं दडपण होतं, ते सांगायला लागलो. मावशींनी हात वर केला.

"पुरे, सर. किती बोलतास. वयीत काय लिवलास तां वाच गे."

सुनेने हात धुतले, वही घेतली आणि माझं इंग्रजी अडखळत वाचून मराठीत सांगितलं. आधी 'काचसामान धुण्यात हयगय'. मग तीन आठवड्यांनंतरचं पान: कोपऱ्यातले चार फ्लास्क, कापसाचे बोळे, वाढ उत्तम, बाकी सगळ्यांचे कागद काढले, कारण हवा. तिने पुढची दोन पानं उलटली आणि विचारलं, "यात आईंचं काही नाही का? की त्या बरोबर होत्या असं?"

"नाही."

"मग आत्ता लिहा."

मी त्या पानाखाली मराठीत लिहिलं. पेन सुनेनेच दिलं. कारण मावशींनी आधीच सांगितलं होतं, मी ऐकलं नाही, आणि कळल्यावरही गप्प राहिलो, असं लिहून खाली सही केली. सुनेने ते मोठ्याने वाचून दाखवलं.

मावशींनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "कागदावर तुमी तेव्हा पण लिवलेलास. तेव्हाचां खोटां होतां, ह्यां खरां कशावरसून?"

सून म्हणाली, "आई, आता ते कशाला खोटं लिहितील?"

"तू गप रव. मी तेंच्याकडे आठ वर्सां काम केलंय. काय खरां नि काय खोटां तां कसां बघतत, माका म्हायत आसा. एक असां, एक तसां, दोनय बाजूबाजूक ठेवूचां." त्या खुर्चीवरून उठल्या. "बरण्यो दोन आसत मा? अर्ध्यो फोडी तुझ्या हातान, अर्ध्यो माझ्या. मीठ-मसालो एकच. तेल एकच. दोघींक दादरो. गणपतीक गावाक जाऊच्या आदी उघडूया. दमट हवेत टिकलां तर टिकलां."

"आणि नासलं तर?" सून थट्टेत म्हणाली.

"नासलां तर सरांका खावक घालूया."

त्यांनी मोरीत जाऊन हात धुतले. मी मोजलं नाही, पण बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. बाहेर येऊन त्यांनी हात कोरडे केले, पंख्याखाली धरले, पुन्हा पुसले. फोडींसमोर बसल्या. मग नुसत्याच बसल्या. हात मांडीवर. सुनेने परात त्यांच्याकडे सरकवली. शेवटी त्यांनी मीठ उचललं, आणि एकदा सुरुवात झाल्यावर हात असा चालला की मला बोळे बांधणारा तोच हात दिसला. दादरा बांधताना त्यांनी आपल्या बरणीला लाल दोरा लावला आणि सुनेच्या बरणीला पांढरा. प्रयोगशाळेत आम्ही फ्लास्कवर पेन्सिलीने खुणा करायचो, तशा.

निघताना मी वही त्यांच्यापुढे धरली. "तुमच्याकडे राहू दे."

"माका कित्याक? तुमीच ठेवा. तुमच्या घरात रवांदे."

मधल्या तीन महिन्यांत आम्ही भाड्याच्या घरात गेलो, तिथला नळ गळत होता, माझा गुडघा दुखत होता, आणि तरी माझ्या मनात त्या दोन बरण्याच होत्या. विज्ञानाच्या हिशोबाने एका प्रयोगाला काही अर्थ नसतो. लोणचं शंभर कारणांनी नासतं. एखादी फोड ओली राहिली, तेल कमी पडलं, आणि नेमकी लाल दोऱ्याची बरणी नासली तर? मग माझी सही, माझा कबुलीजबाब, काही कामाचं नव्हतं. मी पत्नीला हे बोलून दाखवलं. ती म्हणाली, "आता तुम्हाला कळलं हातगुण म्हणजे काय असतं ते." असं म्हणून कुकर लावायला गेली.

ऑगस्टमध्ये सुनेचा फोन आला. परवा गावाला निघतोय, या म्हणाली. मी गेलो. भिंतींना ओल आली होती, हवा त्या वर्षीसारखीच चिकट. मावशींनी दोन वाट्या माझ्यासमोर ठेवल्या. बरण्या आत, दोरे आत. वाट्या सारख्या, लोणचं सारखं, तेलाचा रंगही सारखा.

"खावा. नि सांगा कुणाचां कुठलां."

मी एका वाटीतली फोड खाल्ली, मग पाणी प्यालो, मग दुसऱ्या वाटीतली. पुन्हा पहिल्यातली. दोन्हींत फोड करकरीत, खार बरोबर मुरलेला. बुरशीचा मागमूस नाही. मी इतका गंभीर चेहरा केला असेन की सून तोंडावर पदर धरून हसायला लागली.

"डावीकडचं तुमचं," मी म्हणालो.

"चुकलास."

"मग उजवीकडचं."

"तां तर आता कोणय सांगात." मावशींनी उजवीकडची वाटी उचलली, बोट बुडवून स्वतः चाखलं आणि बराच वेळ जिभेवर ठेवलं. "मेथी वायच जास्त पडली," त्या म्हणाल्या. मग सुनेला म्हणाल्या, "ही बरणी गावाक नेतंय. माझ्या जावेक दाखवतंय. ती माका हातगुणावरसून अजून चिडवता."

थोड्या वेळाने सून चहा करायला आत गेली. मी म्हणालो, "मावशी, माझ्यावरचा राग..."

"सर, लोणच्याचां मिटलां. नोकरीचां नाय मिटूचां. तां तुमच्याकडेच रवांदे." हे त्यांनी शांतपणे सांगितलं, बिस्किटाची बशी माझ्याकडे सरकवता सरकवता. "बिस्कुट घेवा."

मी बिस्किट घेतलं. त्यांनी सांगितलं ते मला मान्य होतं आणि आहे.

निघताना त्यांनी काचेच्या एका बाटलीत लोणचं भरून दिलं. बाटलीच्या गळ्याला लाल दोरा बांधलेला. "प्रवासाक झाकण गच्च लावलंय. घराक गेल्यार झाकण काढा नि दोन दिवस दादरो बांधून ठेवा. इसारशात."

"नाही विसरणार."

"तुमचां काय सांगूक येत नाय."

घरी आल्यावर मी चपला काढायच्या आधी बाटली ओट्यावर ठेवली आणि झाकण काढलं. पत्नीने वास घेतला, मान हलवली, आणि जुन्या धोतराचा एक चौकोन फाडून बाटलीच्या तोंडावर ठेवला. मग बांधायला दोरा शोधायला लागली. दोन खोल्यांत आमचं काही सापडत नाही, सगळं अजून खोक्यांत आहे.

"बाटलीला आहे तोच घे," मी म्हणालो.

तिने लाल दोरा सोडला, फडक्यावरून दोन वेढे घेतले आणि गाठ मारायला मला बोट ठेवायला सांगितलं.